पूजेतली हत्यारं

नरहरीकाकांचं पालघरात घर नव्हतं, पण पत्ता होता. स्टेशनकडून बाजारात शिरलं की गवतवाल्यांची जुनी पेढी लागते, तिच्या लाकडी जिन्याखाली. खुर्चीचा पाय निखळला, देव्हाऱ्याचं दार लागेना, पोळपाट डुगडुगायला लागला, की घरोघरी एवढंच म्हणत, "जिन्याखाली टाकून ये." कुठला जिना, हे कुणी विचारत नसे.

एके काळी या पेढीतून गवताच्या गासड्या वॅगनी भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जात. तो धंदा कधीच संपला. मोठे शेठ मात्र सवयीने रोज गादीवर येऊन बसत, आणि माकुणसार गावाहून येणारे काका खाली रंधा मारत. पेढीचं दार कुरकुरलं की काकांनी बघायचं आणि जिन्याखालची जागा काकांनी वापरायची, असा सगळा व्यवहार. पस्तीस वर्षं चालला. त्याचा कागद कुणी केला नाही, कारण कागदाची आठवणच कुणाला झाली नाही.

शेठ गेले आणि त्यांचा नातू शैलेश मुंबईहून आला. पेढी पाडणार, अशी बाजारात बोलवा होती. पण शैलेश म्हणाला, "काका, पाडायचं कशाला? असं सागवान आता मिळतं कुठे? इथे शेअर्ड ऑफिस करायचं. टेबलं मांडायची, वाय-फाय द्यायचं. ज्याला हवं त्याने यावं, तासाने नाहीतर महिन्याने बसावं."

"आनि मी?" काकांनी विचारलं. एवढंच विचारलं.

"जिना तुमचाच. तिथे कारागीर कोपरा करू. लोकांना बघायला किती आवडेल!"

काका त्या रात्री इतके खूश, की घरी दोनदा जेवायचेच तेवढे बाकी राहिले. मंदाकाकूंनी विचारलं, "बघायला आवडंल म्हनजे? तुमी काय माकड हाव?" तर ते हसले.

मग आठ महिने काकांनी त्या पेढीचं अंग अंग उघडलं. बावीस खिडक्या. एकेक झडप उतरवायची, जुना रंग खरवडायचा, कुजलेली पट्टी काढून तिथे तशाच जुन्या सागाची बसवायची. मुंबईची मेघाली आतली सजावट करत होती. ती खिळे मारायला सांगे, काका खाच पाडून सांधा करत. "खिळा गंजतो, ताई. सांधा धरून ठेवतो." त्याच सुमारास बोईसरचा सुजित दोनदा येऊन गेला. त्याचा प्लायवूडच्या फर्निचरचा कारखाना. "काका, माझ्याकडं या. बसायला जागा, डोक्यावर पंखा." काकांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. आपल्याला जागा आहे, म्हणाले.

दसऱ्याला उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. काकांच्या वडिलांचा शिरस्ता असा, की हत्यारांची पूजा घरी मांडायची नाही. जिथं काम, तिथंच पूजा. काकांनी जिन्याखाली पाट मांडला. वडिलांची पटाशी, वाकस, दोन रंधे, करवत, गिरमिट, सगळं पुसून, तेलाचं बोट फिरवून ओळीने ठेवलं. हळदकुंकू, झेंडू, गूळ-खोबरं. मेघाली फोटो काढता काढता थबकली. "किती सुंदर दिसतंय! काका, हे आज असंच राहणार?"

"उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात नाय लावायचा ताई. मी पन नाय."

"वा," ती म्हणाली, आणि शैलेशकडे बघितलं.

दसऱ्याला काका नवं धोतर नेसून, मंदाकाकूंना घेऊन आले. पेढीला तोरण, आत माणसं, थंडगार हवा. जिन्याखाली पाट नव्हता. तिथे वेताचा सोफा होता. वर भिंतीवर पितळी पट्ट्यांत हत्यारं अडकवलेली, लाखेने चकाकणारी, कुंकवाचा ठिपका नाही. खाली पाटी: कारागीर कोपरा.

शैलेशने शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या.

"आनि मी बसू कुठं?" काका हळूच म्हणाले.

"काका, आता बसायचं काय? आयुष्यभर राबलात. वर लोकांच्या मीटिंगा असतात, भुसा उडेल, आवाज होईल... तुमचं नाव राहिलं ना इथे?"

नाव पाटीवरही नव्हतं. मंदाकाकूंनी शालीचं टोक चिमटीत धरलं. "ही बरीक मऊ हाय. हिनं लाकूड तासायचं काय?" शैलेश हसला. त्याला वाटलं, काकू थट्टा करतायत. काका भिंतीकडे बघत राहिले. भरल्या घरात, सणाच्या दिवशी, भिंतीवरून हत्यारं ओरबाडून घ्यायची ती कशी? आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही म्हणून ती इथे ठेवून गेलं होतं कोण?

महिनाभराने मेघालीचा फोन आला. वरची एक खिडकी अडकली होती. काका गेले. दाराशी टेबलामागे बसलेल्या प्रियंकाने नाव विचारलं, नंबर लिहून घेतला, काम काय ते विचारलं आणि शर्टावर चिकटवायला एक कागद दिला: पाहुणा. तिचा दोष नव्हता. तिने काकांना कधी पाहिलंच नव्हतं.

खिडकी अडकायचीच होती. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या झडपा कायमच्या मिटल्या होत्या आणि फटींवरून रंग फासला होता.

"तुम्ही हत्यार नाही आणलंत?" मेघालीने विचारलं.

"हाय की. खाली, भिंतीवर."

ती संकोचली. मग स्वतःच खाली येऊन तिने पट्टीचा स्क्रू सैल केला आणि पटाशी काढून दिली. काकांनी सवयीने अंगठा धारेवरून फिरवला. फिरवला आणि तसाच ठेवला. धार नव्हतीच. कानशीने घासून, गोल करून टाकली होती.

"येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला लागू नये म्हणून," मेघाली म्हणाली. "सगळ्यांचीच केली."

वडिलांनी त्या पटाशीला दगडावर धार काढायला शिकवलं, तेव्हा काका नऊ वर्षांचे होते. त्यांनी ती परत तिच्या हातात दिली. "लावा परत. चांगली दिसते." शर्टावरचा कागद काढून प्रियंकाच्या टेबलावर ठेवला आणि खिडकी तशीच सोडून ते बाहेर पडले.

आता काका बोईसरला सुजितकडे असतात. मशीन कापते, मशीन भोकं पाडते, पोरं हिंदीत गप्पा मारत स्क्रू आवळतात. काका कडा घासतात. एक पटाशी त्यांनी नवी घेतली. तिला धार आहे, पण मूठ अजून हाताची झालेली नाही.

यंदाच्या खंडेनवमीला सुजितने हौसेने पूजा मांडली. ड्रिल, कटर, मध्ये काकांची पटाशी. काकांनीच कुंकू लावलं, झेंडू वाहिला, हात जोडले. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ते पाटापाशी गेले, फूल बाजूला केलं आणि कुंकवासकट पटाशी उचलून पिशवीत टाकली.

"काका!" सुजित चमकला. "उद्यापर्यंत हात लावायचा नसतो ना?"

"नसतो," काका म्हणाले, आणि पिशवीची चेन ओढली.