खिडक्यांवाली मावशी

मावशीला घड्याळ लागत नसे. ऊन शाळेच्या तिसऱ्या पायरीवर आलं की ती पूर्वेच्या सगळ्या खिडक्या धाडधाड लावायची. केळापूर तालुक्यातली ती जुनी दगडी शाळा तिनं जन्मभर झाडली होती, आणि मागच्या खोलीत ती एकटी राहत होती.

कापसानं दगा दिला तशी माणसं कामासाठी बाहेर पडली, पोरं त्यांच्यामागे गेली, शाळा ओस पडली. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं तिथं तालुक्यात नोकरीला येणाऱ्यांसाठी घरं करायचं ठरवलं. शाळा जुन्या पेठेत होती आणि पेठेचं रूप मोडायचं नाही असा नियम होता. भिंती, छपरावरचे कवेलू तसेच ठेवून कूलरशिवाय राहता येईल अशी घरं हवी होती. आर्किटेक्ट म्हणून मी उष्णता नि वारा मोजायची यंत्रं घेऊन दाखल झालो.

"हे डबडं काय सांगून राह्यलं? मले इचारा ना," मावशी म्हणाली. मग आठ दिवस मी वही घेऊन तिच्या मागे फिरलो. "वाऱ्याले पाहुण्यावानी बलावा लागते, साहेब. आधी मागचं दार उघडा. जायले वाट नसली तं तो येईन काहून?" भर मे महिन्यात, दुपारी, आत माझा सदरा कोरडा होता.

माझ्या अहवालाची फार वाहवा झाली. त्यातली ओळ न् ओळ मावशीची होती. मी कुठंही तसं लिहिलं नाही.

तिनं एकच मागितलं होतं. "मले इथंच खोली राहू द्या. आता या वयात म्या कुठी जाऊ?"

"घरं मिळणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालतो, मावशी," मी छातीठोकपणे सांगितलं.

मंजुरीसाठी साहेबलोक आले. खोलीत कोणी राहतं म्हटलं असतं तर फाईल अडली असती. "इथं राहतं का कोणी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मावशी झाडू घेऊन दारातच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती भाचीकडे राहायला गेली. पुढं तिच्या खोलीत विजेचे मीटर बसले. एकदा येऊन ते पाहून गेली. "मीटरले खोली भेटली," एवढंच बोलली. तिनं चारचौघांत माझी लाज काढली असती तर बरं झालं असतं.

घरं भरली. एका उन्हाळ्यात तिथल्या एका बाईंनी उकाड्याची तक्रार केली, तेव्हा मी त्यांना आधी मागचं दार उघडायला लावलं. घर गार झालं. "किती छान! कुणी शिकवलं हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

या खेपेला खरं सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं आणि अडलो. यादीत नाव घालतो म्हणालो होतो, पण ते नाव मी तिला कधी विचारलंच नव्हतं.