जेवणाची रेकॉर्ड

गेली सहा वर्षं मी पुण्यात बसून एका रेकॉर्डच्या मागे हात धुऊन लागलो होतो. सत्तरच्या दशकातला परदेशी रॉक बँड, एकच अल्बम काढून गडप झालेला. आमच्या ऑनलाइन ग्रुपवर आम्ही मोजकी शहाणी माणसं त्या अल्बमवरून तासन्‌तास भांडायचो. तो एकानंही ऐकलेला नव्हता, हा भाग वेगळा.

परवा कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्या कव्हरचा फोटो टाकला. कमळात बसलेला, तीन डोळ्यांचा जांभळा साधू. अरे देवा! लहानपणी मी ह्याच्यापुढे हात जोडायचो. आबा, म्हणजे माझे वडील, ओतूरच्या पंचक्रोशीत लग्नाला कर्णे लावून रेकॉर्डी वाजवायचे. साधू बघून, भजनं असतील म्हणून, त्यांनी ही रेकॉर्ड जुन्या बाजारातून उचलली होती.

पहिली एसटी पकडली. आई जाऊन चार महिने झाले होते, आबा दोन घास खाऊन उठतात, असं गावाकडून वहिनी रोज फोनवर सांगायची. तेव्हा मला सुट्टी मिळत नव्हती. रेकॉर्डसाठी मिळाली. धन्य तो मुलगा!

आबांनी कर्ण्यांची पेटी उघडली. "ही व्हय? ही तर जेवणाची रेकॉर्ड."

"आबा, हा प्रोग्रेसिव्ह सायकेडेलिक रॉक आहे."

"आसंल. बाकीची गाणी तीन मिन्टात संपायची. एकानं जेवायचं, एकानं मशीनपाशी बसायचं. हिची आख्खी बाजू म्हंजी एकच गाणं. लई सोय! मांडवामागं मी न् तुजी आई एका ताटात जेवायचो."

म्हणजे जगभरचे जाणकार जिच्यासाठी झुरत होते, ती आमच्या गावानं भातावर आमटी ओरपत ऐकली होती.

पुण्याला न्यायच्या आधी वाजते का बघू म्हणून मी आबांच्या जुन्या मशीनवर ती लावून सुई टेकवली. गिटार किंचाळली, मग कुणीतरी विहिरीत पडल्यासारखं ओरडलं. तेवढ्यात वहिनीनं आबांचं ताट आणलं. आबा जेवू लागले. दोन घास झाले, चार झाले, भाकरी संपली, दुसरी घेतली. वहिनी दारातच उभी राहिली.

गाणं संपलं तसा आबांचा हात थांबला. ताटात अर्धी भाकरी न् थोडं पिठलं होतं.

"आबा, संपवा की तेवढं."

"ऱ्हाऊ दे. तुजी आई सावकाश जेवती. दुसरी बाजू लाव."

मी लावली. रेकॉर्ड ओतूरलाच आहे. ग्रुपवर कळवून टाकलं, सापडली नाही.