बर्फात रोवलेला बांबू

भूतबीत मी कधी मानलं नाही. मी डोंबिवली खाडीच्या कोळ्याचा पोर, आठवीत शाळा सोडून होडीत बसलेला... घाबरून आमचं भागायचंच नाही. पण नॉर्वेत घडलं ते अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तिथे पार उत्तरेला मुलींची स्कीइंगची इंटरनॅशनल रेस होती. आमच्या डोंबिवलीचे जोशीकाका टायमिंगच्या वायरिंगचे इंजिनिअर. मला त्यांनीच नेलेलं, काम त्यांच्याच शब्दावर मिळालेलं — उतारावर पिवळा बावटा घेऊन उभं राहायचं. माझ्या टप्प्यात कुणी पडली तर बावटा हलवायचा, मागून येणारी थांबते. उगाच हलवला तर थेट घरी.

रेसच्या आधी उतार रिकामा होता. वाटेच्या खुणेला लावतात त्यातला एक जादा बांबू पडलेला, तो सवयीने बर्फात रोवला नि कान लावला. माझा बापूस वल्हं पाण्यात धरून असाच घोळ माशाचा आवाज ऐकायचा.

आधी स्की घासल्याचा आवाज... मग काहीतरी धाडकन आपटलं. मग धाप. माणसाची.

"काय रे नाना, बोंबील लागले का?" काका खालून ओरडले.

"काका, या ना... आत कुणीतरी हाय."

हसत आले, कान लावला. हसू गेलं. "बर्फाखालची टायमिंगची वायर असेल रे," म्हणाले. वायर काढून बघितली. धाप चालूच.

रेस सुरू झाली. एकेक मुलगी सुसाट जात होती आणि बांबूतली धाप मंद होत चाललेली. सातवी वरून सुटली — आणि धाप थांबली.

कुणीच पडलं नव्हतं. तरी मी बावटा हलवला. ती कशीबशी थांबली, वर शिव्या. साहेब लोक धावत आले. काम गेलंच, काकांचं नावही घालवलं. तेवढ्यात काका पुढे झाले. "मीच सांगितलं त्याला. चूक माझी." ते उपकार मी विसरणार नाही.

बांबू रोवलेला तिथे आम्ही खणलं. खाली नुसती गोठलेली माती. त्या मुलीला पुन्हा वरून सोडलं, ती धडधाकट खाली पोचली.

जेवताना विचारलं, "काका, ती धाप कुणाची होती?"

काकांनी सूप ढवळलं. "खरं सांगू? मला माझीच वाटली. दम्याची आहे ना, ओळखीची."

आणि मला ती माझी वाटलेली.

ती मुलगी वाचली, आम्ही दोघंही आहोत. मग थांबली ती धाप कुणाची... मला अजून माहीत नाही.