गिरडचे दगड आणि आमचं टिन

देवाधर्माचं लिहिताना माणसं हात जोडून बसतात. मी त्या दिवशी पदर खोचून भांडत होते, तेव्हा तसंच सांगते. मे महिना होता. संध्याकाळपर्यंत मोठं वादळ येणार, असा इशारा सकाळपासून मोबाईलवर वाजत होता. आमच्याकडे त्याला वावधन म्हणतात. आमचं घर विटांचं, वर टिन, आणि त्या टिनाखाली बाजेवर माझ्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या. टिनाचे हुक बदलतो, बदलतो असं आमचे हे दिवाळीपासून म्हणत होते आणि आज नेमके आर्वीच्या डेपोत, कंडक्टरच्या ड्युटीवर. फोनवरून मला सांगतात, आईला समोरच्या मास्तरांकडे ने. जसं काही मला सुचलंच नव्हतं.

समोरचे मास्तर निवृत्त शिक्षक, बौद्ध, घर स्लॅबचं. ते स्वतः दोनदा बोलवायला आले. पण सासूबाई हलेनात. त्यांच्या देवघराच्या कोपऱ्यात एक टोपली होती, गिरडच्या टेकडीवरल्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्याजवळच्या दगडांची. थट्टा करणाऱ्या वाण्याचा माल बाबांनी दगड केला असं सांगतात, ते हे दगड, जायफळाएवढे गोल. चालत्या-फिरत्या होत्या तेव्हा सासूबाई दर गुरुवारी टेकडी चढायच्या आणि एखादा घेऊन यायच्या. टोपली पाऊण भरली होती. दगडांच्या रूपानं बाबा घरात असताना घर सोडायचं नाही, आणि मास्तर बाबांना मानत नाहीत म्हणून बाबांना तिथं न्यायचंही नाही, असा त्यांचा हट्ट.

मला बाबांचाच राग होता, हे कबूल करते. सासूबाई पडल्यापासून त्यांच्या वतीने गुरुवारची टेकडी मी चढत होते. पाच महिने. तरी सासूबाईंना एक पाऊल टाकता येईना. सकाळी अंगण आवरलं, धान्याच्या कोठीवर ताडपत्री बांधली, गाय मास्तरांच्या गोठ्यात नेली, पाणी भरून ठेवलं, टिनावर टाकायला रेतीची पोती भरली. एका पोत्याला रेती पुरली नाही. घरात आले तर सासूबाई शांतपणे म्हणतात, बाबा पाहून घेतील.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. टोपली उचलली, सगळे दगड त्या उरलेल्या पोत्यात ओतले, शिडी लावली आणि ते पोतं नेऊन टाकलं टिनावर, बरोबर त्यांच्या बाजेच्या वर. खाली येऊन म्हटलं, "पाहू द्या मंग बाबाले वरतून."

अशी चूक आमच्या घरात कोणी केली नव्हती. सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. पाच महिन्यांत त्यांचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता. "बाबाले टिनावर टाकलं तुनं? ज्या घरात बाबाचा असा अपमान झाला, तिथं मी घडीभर राहत नाई. उचल मले."

मी दारातूनच मास्तरांना हाक मारली. ते आले, त्यांच्या पत्नीही आल्या, आणि आम्ही तिघांनी बाजेसकट सासूबाईंना रस्त्यापलीकडे नेलं. जाताना त्या मास्तरांनाही सुनावत होत्या. मास्तर एवढंच म्हणाले, "दर्ग्याले मी मानत नाई आजी, पण स्लॅबले मानतो. चला." वारा तेव्हाच सुटला होता, डोळ्यांत धूळ जात होती.

तासाभरात वावधन आलं. मास्तरांच्या खिडकीतून मी आमचं टिन उचललेलं पाहिलं. एकदा उचललं, आपटलं, मग वाकलं आणि गेलं. सासूबाई पूर्ण वेळ माझ्याकडे पाठ करून पडल्या होत्या.

पाऊस थांबल्यावर घरात गेले. भिंतीवरच्या दोन थर विटा आणि ते पोतं, दोन्ही खाली आलं होतं. पोतं फाटून गिरडचे दगड पसरले होते, जिथं बाजेवर सासूबाईंची उशी असायची, बरोबर तिथं. मी त्या चिखलातच बसले. रडू आलं, आणि रडतानाही राग येत होता. स्वतःचा, ह्यांचा, बाबांचा.

गावातले लोक म्हणाले, तुझ्या रागामुळे म्हातारी वाचली. माझ्याच रागानं ती गेली असती, हे मला माहीत आहे. ते पोतं मीच तिथं ठेवलं होतं. या दोन गोष्टींच्या मधे जे कोणी उभं राहिलं, त्याला मी बाबा म्हणते. चमत्कार झाला असा माझा दावा नाही. सासूबाई अजून बाजेवरच आहेत. पण सगळं मीच ओढते आहे, हा माझा ताठा त्या चिखलात उतरला. माझ्या हातून वाकडं झालेलं सरळ करणारं कोणीतरी आहे, हे कळलं, आणि त्यापुढे मान वाकली. राग मात्र थोडा शिल्लक आहे, तो त्यालाही ठाऊक असेल.

दगड मी वेचले, धुतले, टोपलीत भरले. सासूबाईंनी टोपली जवळ ओढली, दगडांवरून हात फिरवला आणि चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गुरुवारी जाजो गिरडले," त्या म्हणाल्या. "बाबाले सांगजो, सून भांडखोर हाय, पण माही हाय."

गुरुवारी टेकडी चढले आणि निरोप जसाच्या तसा दिला.