आई नसलेलं जनावर

मुलांनो, मला लिहिता येतंय तोवर एका माणसाबद्दल लिहून ठेवते. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंत. मी मात्र सांगलीत वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच रेडिओ दुरुस्त करून घेतला.

ते मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळांच्या घरातले. कोणतंही यंत्र उघडण्याआधी ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत आणि "उगी, उगी" म्हणत. मला हसू येई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तुम्ही सुट्टीला माझ्याकडे आलात, तेव्हा तुमच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधला सेल संपत आला होता, म्हणून आपण ती त्यांच्या दुकानात नेली.

"आवं बाई, ह्यो सेल काढला की आतलं समदं पुसलं जातंय," ते म्हणाले.

तुम्ही रडवेले झालात. महिनाभर खेळून पकडलेला तुमचा लाडका, चौकोनी ठिपक्यांचा प्राणी त्यात होता.

"कुणाच्या पोटचं जनावर ते?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही. ते कॉम्प्युटरवर बनवलंय," तुम्ही म्हणालात.

"म्हंजे आयच न्हाई व्हय? मग ह्यो सेलच त्येची आय. आदी दुसरी आय लावू, मग पैली सोडवू."

पोरकं कोकरू दूध प्यायला दुसऱ्या मेंढीला लावतात, तसा त्यांनी आधी नवा सेल दोन तारांनी जोडला आणि मगच जुना काढला. गेम सुरू केला, तर प्राणी जागच्या जागी!

"प्यायलं रं गड्या!" ते तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

त्यांच्या दुकानात आता चपला मिळतात. तुमचा गेम मात्र माझ्याकडेच राहिलाय आणि त्यांनी बसवलेला सेल अजून चालतो. काल सुरू करून पाहिलं, तुमचा प्राणी आहे.