दुसरीतला बर्फ

माझ्या मुलीला दुसरीत बर्फ शिकवला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. भिवंडीतल्या माणसाने बर्फ पाहायचा तो उसाच्या रसाच्या गाडीवर, नाहीतर कोळणीच्या टोपलीत. पण डिसेंबर लागला आणि शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, या महिन्यात ‘विंटर सीझन’ घेतोय, मुलांकडून वाचून घ्या. मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर. खाली इंग्रजीत लिहिलेलं, थंडीत बर्फ पडतो, आपण बर्फाचे गोळे करून खेळतो, आगीपाशी बसून गरम सूप पितो. यातले ‘आपण’ म्हणजे नक्की कोण, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आम्ही टेमघरला राहतो. आमची थंडी म्हणजे पहाटे उठून पंखा एकवर करायचा आणि पहिला तांब्या अंगावर घेताना ओरडायचं. शाळेने स्वेटर सक्तीचा केलाय, पण मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या पोरांचे स्वेटर कमरेला बांधलेले असतात. मी पूर्ण्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. सकाळच्या शिफ्टला पोचते तेव्हा ट्रकवाले फाटकी खोकी पेटवून शेकत बसलेले असतात. आमच्याकडची आग ती एवढीच, आणि तिच्यावर सूप कुणी ठेवत नाही.

खरी थंडी असते माझ्या माहेरी, खारबावच्या आतल्या बाजूला. भात कापून झालं की त्याच ओलसर जमिनीत माझे बाबा वाल टाकतात. वालाला पाणी देत नाहीत. जमिनीत राहिलेली ओल आणि रात्री पडणारं दव, एवढ्यावरच तो वाढतो. माझी मुलगी जवळजवळ दर रविवारी तिथे असते. सकाळी वालाच्या पानांवरून हात फिरवते आणि ओले हात बाबांच्या गालाला लावते. बाबा ओरडल्यासारखं करतात. एकदा तिने विचारलं होतं, “आजोबा, याला पाणी का नाही घालत?”

“त्याला पानी नको गो. दव पडतंय ना, बस झाला.”

ही गोष्ट तिला इतकी आवडली की घरी येईपर्यंत तिने दवाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला मोबाइलवर शोधायला लावलं. ड्यू. दोन दिवस घरभर ड्यू, ड्यू चाललं होतं.

मग प्रोजेक्ट आला, बर्फाचा माणूस करून आणा. आमच्या इमारतीच्या खाली लूम चालतात. कापसाची रुई उडून खिडकीच्या जाळीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, झाडून झाडून हात दुखतात. मी स्वयंपाकात होते, तेवढ्यात पोरगी मूठभर रुई घेऊन आली. “मम्मी, हा बघ आपल्याकडचा स्नो!” मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. काय चुकलं तिचं? आभाळातून नाही, पण आमच्याकडे काही पांढरं पडतच असेल तर ते तेच. तिने त्याचाच माणूस केला, जरा करड्या रंगाचा, पण चांगला गुबगुबीत. दुसऱ्या दिवशी तो परत आला. लाल पेनाने शेरा होता, स्वच्छ पांढरा कापूस वापरा. मी दातओठ खात मेडिकलमधून कापसाचा रोल आणला.

इथपर्यंत मी गिळलं. जानेवारीत तोंडी परीक्षा झाली. टीचरनी विचारलं, थंडीत काय पडतं? माझ्या मुलीने ताठ उभं राहून सांगितलं, ड्यू. टीचर म्हणाल्या, चूक. तिला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिने मोठ्याने सांगितलं, ड्यू, आणि त्यावर माझ्या आजोबांचा वाल होतो. वर्ग हसला. तिला पानभर लिहायला लावलं, तेच एक वाक्य, थंडीत बर्फ पडतो.

घरी आली तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. तिने दप्तर ठेवलं आणि विचारलं, “मम्मी, आजोबा खोटं बोलतात का?”

माझं डोकंच फिरलं. नवरा म्हणाला, कशाला वाद घालतेस, उगाच पोरीवर राग काढतील. मी ऐकलं नाही. ज्या पोरीने दव स्वतःच्या हाताने पुसलंय, तिला एका सकाळीत आपल्या हाताचा भरवसा राहत नाही, तर ती पुढे आयुष्यात कशाचा भरवसा धरणार? मी ड्युटी बुडवली आणि शाळेत गेले.

टीचर तरुण होत्या. “बसा ना, मम्मी,” म्हणाल्या. या शाळेत सगळ्या आया मम्मी. मी उभ्यानेच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मम्मी, ती हुशार आहे. पण बुकमध्ये स्नो आहे. पेपर बाहेरून येतो, उत्तरंही बाहेरूनच येतात. तिने उद्या ड्यू लिहिलं तर मी मार्क कसे देऊ?”

मी विचारलं, “तुम्ही कुठल्या?”

“पडघ्याकडची.”

“तुमच्याकडे वाल होतो?”

त्यांनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. “व्हतो ना. आई परवाच शेंगा देऊन गेली. दवावर व्हतो, मला काय म्हाईत न्हाय?”

नसतं माहीत, तर मी माफ केलं असतं. कुणी लांबच्या शहरातून आलेली बाई असती, तर चहा पाजून तिला शेतावर नेलं असतं. पण हिच्या घरी वाल, हिच्या जेवणात वाल, आणि हिने माझ्या लेकीला भर वर्गात खोटं पाडलं! मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला, एवढं सांगते. त्यांचे डोळे भरले. “आम्हालाही ऐकावं लागतं हो, ताई,” म्हणाल्या.

“मग एक करा. ती बरोबर होती, हे सगळ्या वर्गासमोर सांगा.”

“वर्गात नाही सांगता येणार. मग बाकीची मुलंही तेच लिहितील.”

मी तिथून हलले नाही. शेवटी त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं, खाली बसून तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलल्या, गालावरून हात फिरवला. मुलगी मान हलवत होती. आत जाताना माझ्याकडे बघून हसली. अर्धं का होईना पदरात पडलं, असं समजून मी घरी आले.

त्या रविवारी माहेरी गेलो. ओटीवर बाबा शेंगा सोलत बसले होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. शाळेत काय झालं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी आपलं सहज विचारलं, “काय शिकवलं गो शालेत? थंडीत काय काय व्हतं, सांग बघू.”

तिने हातातली शेंग खाली ठेवली. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“आजोबा, पेपरातलं सांगू का घरचं?”

बाबा खूश होऊन हसले. “दोन-दोन येतंय तुला?”

“हो. टीचर म्हणाल्या, दोन्ही बरोबर आहेत. फक्त घरचं कुणाला सांगायचं नाही.”