टिंबापुढची जागा

नाना यादी मोठ्याने वाचत आणि टिंब आलं की गप्प बसत. यादीतली एखादी वेळ उच्चारायला जेवढा अवधी लागतो तेवढाच गप्प. "सव्वानऊ, साडेनऊ," मग काहीच नाही, मग "दहा." त्या काहीच-नाहीमध्ये त्यांच्या पडवीत बसलेले आम्ही सगळे कान टवकारायचो, कशासाठी कोण जाणे. समोर भर दुपारच्या उन्हात बंद घरांची कौलं.

यादी शिमग्यातल्या पालखीची. देव कुठल्या घरी किती वाजता येणार, हे गावाच्या ग्रुपवर टाकायचं असतं. एक ओळ म्हणजे एक वाडी, ओळीतला एक रकाना म्हणजे एक घर. घरांचा क्रम सगळ्यांना पाठ, म्हणून नावं नाहीत, नुसत्या वेळा. घर बंद असेल तर टिंब. पण पालखी त्याच्या अंगणातही पाव तास थांबायची, हा नानांचा हट्ट. यादीचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. ते बोटीवर वायरलेसला होते. निवृत्त होऊन पालीजवळच्या आमच्या गावात आले आणि करमेना म्हणून प्रोग्रामिंग शिकले. मी तेच पुण्यात फी भरून शिकलेला. मला ते 'इंजिनियर' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द शिवीला खेटून बसलेला असे.

एका वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काम माझ्याकडे आलं. मी तो प्रोग्राम 'सुधारला'. ओळ मोडण्याची सूचना वाडीच्या फेरीत, म्हणजे लूपमध्ये, हवी, ती मी घरांच्या फेरीत घातली. प्रत्येक घर आपापल्या ओळीवर. खाली सरकवता सरकवता अंगठा दुखला. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेल्या नानांना मी वाचून दाखवली. त्यांनी टेबलावर बोट आपटलं. ओळ संपली की ते असंच बोट आपटत.

"मेल्या, ओळ मोडायची ती वाडी संपल्यावर. तू घरागणिक मोडतोस. गावात मोडतंय तेवढं पुरे नाय?"

रोख शेजारच्या कुलपाकडे होता. ते घर त्यांच्या धाकट्या भावाचं. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून दोघांचं भांडण झालं आणि बाळूकाका मुंबईला गेले ते गेलेच. नानांचा फोनसुद्धा उचलत नसत. ग्रुपवर मात्र होते. कधी काही लिहीत नसत. नाना एकटे, बिनलग्नाचे. भावाशी त्यांचं बोलणं उरलं होतं ते एवढंच, वर्षातून एक टिंब.

ओळींची भानगड निस्तरल्यावर मी आणखी हुशारी केली. रिकामा रकाना आला की वगळ, असं लिहिलं. यादी कशी भरगच्च, देखणी. नानांना न विचारता ग्रुपवर टाकली. बाळूकाकांचं घर गळलं आणि पुढची प्रत्येक वेळ एकेक घर अलीकडे सरकली. त्याच्या पुढच्या घरातल्या सुमाकाकूंना आपल्या जागी पुढच्या घराची वेळ दिसली, म्हणून त्या निवांत केस धुवायला बसल्या. पालखी अंगणात आली तेव्हा केस निथळत होते आणि नारळ सापडत नव्हता. वाडीतल्या शेवटच्या घराला वेळच उरली नाही. ते घर आमचं.

"गावाला वेळा वाटल्यास," आई म्हणाली, "आणि आपल्याच घरी देवाला बोलवायचं राहिलं होय रे?"

नाना रागावले नाहीत. "नाही ते पण छापायचं," म्हणाले. "बोटीवर ठरलेल्या वेळी आम्ही सगळे गप्प बसून नुसतं ऐकत असू, कुणी हाक मारतंय का म्हणून. तेव्हा बोलायला काय नाय म्हणून ती वेळच गाळली असती तर?" मग म्हणाले, "आणि टिंब नुसतं ठेवू नको. त्याच्यापुढे चार अक्षरांची जागा मोकळी सोड. उद्या तिथे वेळ घालायची झाली तर मावेल कुठे?"

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. ग्रुपवर बातमी टाकली. बाळूकाकांनी काही लिहिलं नाही.

यंदा देवळातल्या बैठकीत कुणीतरी विषय काढलाच. "नाना होते तोवर ठीक होतं. आता बंद दारासमोर पाव पाव तास उभं कशाला राहायचं? काढून टाका ती टिंबं."

बैठकीत मी कधी तोंड उघडत नाही. म्हटलं, "प्रोग्राममधून ती निघत नाहीत." साफ खोटं. एका ओळीचं काम, मीच एकदा करून दाखवलेलं. पण माझी कीर्ती ठाऊक असल्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं.

यादी तयार झाल्यावर घरी मोठ्याने वाचली. "सव्वानऊ," मग गप्प, पुन्हा गप्प, "दहा."

"थांबलास कशाला?" आईने आतून विचारलं.

मी पुढची घरं वाचली. ओळ संपली तेव्हा टेबलावर बोट आपटलं. माझंच होतं, मी नीट पाहून घेतलं.

यादी ग्रुपवर टाकली. संध्याकाळी त्याखाली बाळूकाकांचं उत्तर आलं, इतक्या वर्षांतलं पहिलं. "नानाच्या घरावर टिंब दिसतंय. तिथली वेळ टाक. दार उघडून नारळ ठेवतो. माझं टिंब असू दे, मी त्याच्याकडेच असेन."

मी ०९:३० टाकले. टिंब आणि त्याच्यापुढची मोकळी जागा यांत पाचही अक्षरं बसली, आणि शेजारचा एकही रकाना हलला नाही.